पाणपोईची सुधी सभा

६ एप्रिल

मिळाली! मला ट्रस्ट मिळाली!

पुण्याच्या संस्थेचा मेल सकाळी सातला आला. तोंडात ब्रश तसाच ठेवून वाचला. "डिअर धम्मदीपा, यू हॅव बीन मॅच्ड." आईला वाटलं लग्नाच्या साइटचं काहीतरी आहे. तिने मोबाइलच ओढला हातातून.

मॅच झाली ती शेलूबाजारच्या पाणपोई ट्रस्टशी. तिथले जुने विश्वस्त गेल्या काही वर्षांत एकेक करून वारले. नवे पाच नेमले आहेत. त्यांना ट्रस्ट कशी चालवायची ते मी सांगायचं — म्हणजे सांगायचं नाही, "सोबत करायची". ट्रेनिंगमध्ये हे तीनदा सांगितलं. मी मेंटर. वय तेवीस. ट्रेनिंग दोन शनिवार, झूमवर.

आई म्हणे, "घरी तुहं मांजर आयकत नाई, अन् तू ट्रस्टीले शिकवशील."

मांजराचं आणि माझं वेगळं आहे.

८ एप्रिल

पहिली व्हिजिट. मंगरूळहून काळ्यापिवळ्या जीपने गेली. पुढच्या सीटवर चौथी. ड्रायव्हरला विचारलं, पाणपोई ट्रस्ट कुठे आहे, तिथल्या विश्वस्तांना भेटायचं आहे. तो म्हणे, "भेटून राह्यली ना. मीच हावो." रवीभाऊ. वडील वारले म्हणून त्यांच्या जागी हा.

हायवेला लागून टिनाचं शेड. वाळूत बसवलेले तीन रांजण, वरून ओलं गोणपाट. मागे एक खोली, ते ऑफिस. समोर कडुनिंब आणि त्याच्याखाली सिमेंटचा कट्टा. रांजणांमागे एक म्हातारी बसलेली, धनीबाई. मी नाव सांगायला तोंड उघडलं तर हातात स्टीलचा ग्लास. "आंधी पानी पे. मंग बोल."

पाणी इतकं थंड की दात दुखले.

मग विश्वस्त आले. बबनराव अध्यक्ष आहेत, ट्रस्ट त्यांच्या वडिलांनी काढली, वडिलांना सगळे आबा म्हणायचे. सचिव शेषरावकाका झेडपीतून क्लार्क म्हणून रिटायर, जुन्या विश्वस्तांच्या काळापासून वही तेच लिहितात. वर्षाराणीताईंचं झेरॉक्स सेंटर आहे. त्यांना घेतलं कारण, त्यांच्याच शब्दांत, "एक बाई पाहिजेच होती अन् माह्याकडे झेरॉक्सही फुकट होते." आणि देवमनकाका. ते शेती करतात आणि सगळ्याला "हो ना" म्हणतात.

बबनराव म्हणाले, "मेंटर मंजे काय करता तुमी?"

मी ट्रेनिंगमधलं वाक्य म्हटलं. शिकवत नाही, तुमच्यासोबत चालते.

"कुठी जाच हाय?"

रवीभाऊ म्हणे, "पायी कायले जाता? जीप हाय ना."

देवमनकाका, "हो ना."

पण काम आहे! मोठं काम आहे. रस्ता रुंद होणार. शेडवर लाल पेंटने आकडा टाकून गेले आहेत, जूनमध्ये शेड जाणार आणि निंबही जाणार. ग्रामपंचायत बसथांब्याजवळची रिकामी खोली पाणपोईला द्यायला तयार आहे, फक्त ट्रस्टचा ठराव एकतीस मेच्या आत पाहिजे. नाहीतर खोली दुसऱ्या अर्जवाल्याला जाईल. मग पाणपोई संपली. धनीबाई सव्वीस वर्षांपासून इथे बसते. सकाळी सात ते दिवस बुडेपर्यंत.

एक ठराव. दोन महिने. मला तर वाटलं पुढच्या आठवड्यात होऊन जाईल.

९ एप्रिल

शेषरावकाकांनी वह्या दिल्या घरी न्यायला. सभांची इतिवृत्तं. मी मराठी बोलते पटपट, वाचते हळू; शाळा इंग्लिश मीडियमची. आणि ही सरकारी मराठी तर तिसरीच भाषा आहे. शिवाय काकांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक.

पण एक गोष्ट मस्त कळली. प्रत्येक सभेत एक माणूस आहेच आहे. "सूचक देवराव, अनुमोदक किसनराव," तसंच "सभा तहकूब". १९८३ पासून एकही मीटिंग त्यांनी चुकवलेली नाही! अध्यक्ष बदलले, विश्वस्त वारले, पण सभा तहकूब. हे तहकूबभाई बहुतेक सभा बोलावणारे. बेचाळीस वर्षं! आणि विश्वस्तांच्या लिस्टमध्ये नावसुद्धा नाही त्यांचं. पडद्यामागचे कार्यकर्ते.

गणपूर्ती म्हणजे काय ते शोधायचं राहिलं. गणपतीची वर्गणी असेल.

१० एप्रिल

पुण्याला पहिला रिपोर्ट पाठवला. दोन पानं. त्यातलं दीड पान तहकूबभाई.

११ एप्रिल

सपना मॅडम म्हणजे आमच्या पुण्याच्या कोऑर्डिनेटर. त्यांचा व्हॉइस मेसेज आला. त्या जवळजवळ रडत होत्या. गावातल्या ट्रस्टमध्ये एक मुस्लिम गृहस्थ बेचाळीस वर्षं काही पद न घेता सभा भरवतोय, हे त्यांनी डायरेक्टरांनासुद्धा ऐकवलं म्हणे. फोटो पाहिजे.

१३ एप्रिल

पहिली सभा. मी पावणेअकराला पोचली. अकराला सगळे आले, अगदी वेळेवर, मला फार बरं वाटलं. पण आत कोणी जाईना. शेषरावकाका एकटे खोलीत बसले, बाकीचे कट्ट्यावर. धनीबाई ग्लास भरून देत होती.

मी विचारलं, तहकूबभाई आले नाहीत?

वर्षाराणीताईंनी पदर तोंडात घातला. रवीभाऊ एकदम सीरियस चेहरा करून म्हणे, "येतीन ना. साडेअकराले येतेत ते. बरोबर साडेअकराले."

"दरवेळी?"

"आजपरेंत खाडा नाई."

बबनराव म्हणाले, "लय मोठा मानूस. आमच्या आबाचा जिगरी."

देवमनकाका, "हो ना."

मी मोबाइल कॅमेऱ्यावर ठेवून बसली. साडेअकराला आतून शेषरावकाकांचा आवाज, "झाली तहकूब! या." आणि सगळे उठून आत गेले. मी धावली. आत फक्त शेषरावकाका.

"कुठे गेले ते?"

"मांगच्या दारानं गेले," रवीभाऊ म्हणे. "फोटो काढू देत नाईत कोनाले."

खोलीला मागचं दार नाही. हे मला जीपमध्ये बसल्यावर आठवलं.

सभेत ठराव झाला नाही. बबनराव म्हणाले जागेचा विषय आहे, पुढच्या वेळी पाहू. सहा मिनिटांत सभा संपली.

१४ एप्रिल

जयंती. दुपारी जेवताना मी बाबांना रिपोर्ट वाचून दाखवला. बाबांना बुंदी लागली. मोठेबाबांनी पाठीत बुक्क्या मारल्या. बाबा बोलू शकले तेव्हा म्हणाले, "दीपे. तहकूब मंजे ॲडजर्न्ड."

सगळी पंगत हसत होती. आजी धरून. तिला तर काहीच कळलं नव्हतं.

१५ एप्रिल

पुण्याला फोन केला. मॅडम, ती एक स्पेलिंगची — म्हणजे अर्थाची — तो माणूस नाही. मॅडम म्हणाल्या, नाही म्हणजे? मी म्हटलं, म्हणजे नाहीच. मग म्हणाल्या, अरे अरे, कधी गेले?

मी लाइन खराब असल्यासारखं केलं. लाजच वाटली.

न्यूजलेटर काल निघून गेलं आहे. पान तीन. "सभा तहकूब: एक मूक आधारस्तंभ."

२२ एप्रिल

शेषरावकाकांकडे गेली, घरी. माफी मागायला. ते म्हणाले, "माफी कायची? चाळीस वर्सात पैल्यांदा कोनी माह्या वह्या वाचल्या."

मग त्यांनी समजावलं. गणपूर्ती म्हणजे कोरम. पाचपैकी तीन आत पाहिजेत. नियम अकरा: तीन भरले नाहीत तर सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा घ्यायची. त्या सभेला गणपूर्तीची गरज नाही. त्र्याऐंशीमध्ये एका सभेवर कोणीतरी हरकत घेतली, गणपूर्ती नव्हती म्हणून. दोन गट पडले, वर्षभराचे ठराव उडाले, आणि आबांचा लंगोटीयार त्यांच्याशी मरेपर्यंत बोलला नाही. तेव्हा आबांनी नियम अकरा शोधून काढला. तहकूब सभेवर कोणी हरकत घेऊच शकत नाही. तेव्हापासून सगळे येतात, वेळेवर येतात, आणि अर्धा तास बाहेर बसतात. मुद्दाम. मग तहकूब झाली की आत.

"सुधी सभा कच्ची. तहकूब सभा पक्की," काका म्हणाले. जसं काही विटांबद्दल बोलत होते. सुधी म्हणजे सरळ, तहकूब न होता झालेली.

मी म्हटलं, काका, हे बेस्ट प्रॅक्टिस नाही.

"नसन. पन चालून राह्यली ना."

निघताना सांगितलं त्यांनी — पाणपोई उघडली त्या दिवशी पहिला ग्लास त्यांच्या वडिलांनी घेतला होता. आबांनी रांजणापुढे उभं करून सांगितलं, तूच उचल. त्याआधी गावात त्यांना वरून ओंजळीत ओतायचे. ग्लास नाही मिळायचा. काका म्हणाले, "बाप घरी आला त ओठ पुसत नव्हता." एवढंच म्हणाले आणि चहा गार होतो म्हणाले.

रात्री नियमावली पूर्ण वाचली, डिक्शनरी घेऊन. नियम एकोणीस: जागेसंबंधीचा कोणताही ठराव तहकूब सभेत घेता येणार नाही. मूळ सभेतच घ्यावा.

म्हणजे सुधी सभा. बेचाळीस वर्षांत या ट्रस्टमध्ये एकही झालेली नाही.

म्हणून बबनराव टाळत होते. त्यांना नियम माहीत होता!

२७ एप्रिल

रंगीत तालीम ठेवली. आयडिया माझीच. सगळ्यांनी अकराला सरळ आत जायचं, खुर्चीवर बसायचं, तीन मिनिटं बसून राहायचं. बस. लॅपटॉपवर सहा स्लाइड्सही होत्या.

तालीमही तहकूब झाली.

शेषरावकाका म्हणाले, सवय आहे, पाय वळत नाहीत. चिडून मी पण कट्ट्यावर बसली आणि डायरीसाठी टिपत बसली — अर्ध्या तासात काय काय झालं: देवमनकाकांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन अकोल्याला, रवीभाऊ मंगळवारी नेणार. मेमध्ये रांजणाला पाणी बबनरावांच्या विहिरीचं, कारण हातपंप दम टाकून राहिला. वर्षाराणीताईंच्या सासूने अबोला धरला, तर धनीबाई म्हणाली मी उद्या जाते बोलायला, आणि बबनरावांना म्हणाली, "तुमी बी चला, तुमाले भेते ते." शाळेजवळ दुसरा एक माठ ठेवायचा, तोही ठरला. सगळं धनीबाई ग्लास भरता भरता विचारत होती. याचं काय झालं, त्याचं काय झालं.

आणि यातलं एक अक्षर अजेंड्यावर नाही! इतिवृत्तात नाही! आत गेल्यावर सगळे गप्प. काकांनी लिहिलं, "चर्चा होऊन सभा संपली." चर्चा झालीच नाही आत.

पुण्याच्या फॉर्ममध्ये कॉलम आहे: निर्णय कुठे होतात? मी लिहिलं, झाडाखाली. मग खोडलं.

४ मे

सुधी सभा, प्रयत्न एक. शेषरावकाका आत. वर्षाराणीताई आत, मी हात धरून नेलं. तिसरे बबनराव. उंबरठ्यापर्यंत आले आणि थांबले.

"या ना काका."

"आबा सांगून गेले. सुध्या सभेत बसू नको, मानसं तुटतात."

"पण जागा जाईल."

त्यांनी एक पाय आत ठेवला. एक बाहेर. आणि तिथेच उभे राहिले. पंधरा मिनिटं!

आता प्रश्न: एक पाय आत म्हणजे हजर का गैरहजर? शेषरावकाका नियमावली उलटी-सुलटी करून पाहत होते. रवीभाऊ कट्ट्यावरून म्हणे, "डोकं कोन्या बाजूले हाय ते पाहा ना, सही डोक्यानं करतेत." देवमनकाका, "हो ना." वर्षाराणीताई म्हणाल्या क्रिकेटमध्ये बॅट टेकली की इन असते. बबनरावांनी काठी आत टेकवली. शेषरावकाका म्हणाले, काठी विश्वस्त नाही.

साडेअकरा वाजले. तहकूब.

काकांनी लिहिलं: "अध्यक्ष अंशतः उपस्थित."

१२ मे

पुण्याहून पार्सल. श्री. तहकूब यांना मरणोत्तर गौरवपत्र, फ्रेम केलेलं, सोनेरी बॉर्डर. मी म्हटलं परत पाठवू. रवीभाऊ म्हणे, "मानसाचा मान ठेवाव लागते."

धनीबाईने फ्रेम हातात घेऊन वजन पाहिलं. मधल्या रांजणाचं झाकण फुटलं होतं. बरोबर बसली.

१८ मे

प्रयत्न दोन. आत: शेषरावकाका, वर्षाराणीताई. रवीभाऊंना अकराला पाच कमी असताना कारंज्याचं वऱ्हाड मिळालं, ते गेले. देवमनकाका आत येतो म्हणाले — हो ना, हो ना — आणि कट्ट्यावरच बसून राहिले. बबनराव निंबाला टेकून उभे. मी त्यांच्यासमोर हात जोडले. खरंच जोडले. ते म्हणाले, "पोरी, मले समजते सगळं. पन पाय उचलत नाई."

तहकूब.

मी खोलीमागे जाऊन रडली. मेंटरने रडायचं का, ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं. धनीबाई आली. रडू नको वगैरे काही म्हणाली नाही. पदराने हात पुसत विचारलं,

"किती मानसं पाहिजेत तुले अंदर?"

"तीन."

"तीनच?"

"तीनच, मावशी."

"मंग येवढी काहून रडते? मले वाटलं पन्नास-साठ असतीन."

२५ मे

लिहिते नीट. सगळं.

शेवटची संधी होती आज. सभेची नोटीस सात दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे एकतीसच्या आत दुसरी सभा शक्यच नव्हती. जीपमधून उतरली तर चप्पल डांबराला चिकटली. हायवेवर लांबवर पाण्यासारखं चमकत होतं. साडेदहालाच हे.

कट्ट्यावर सगळे होते. बबनराव, रवीभाऊ, देवमनकाका. आत शेषरावकाका आणि वर्षाराणीताई. आणि शेड रिकामं. वाळूत तीन गोल खड्डे. रांजण नाहीत.

मी घाबरली. म्हटलं पाडलं का शेड? चोरी झाली?

धनीबाई खोलीच्या दारात आली. "पानी अंदर हाय," ती म्हणाली. बस. आणि आत गेली.

तिने सकाळी पाच वाजता रांजण रिकामे करून आत लोळवत नेले होते. एकटीने. अडुसष्ट वर्षांची बाई. मग बबनरावांच्या विहिरीवरून सतरा खेपा घालून पुन्हा भरले.

अकरा वाजले. बाहेर कोणी हलेना. रवीभाऊ म्हणे, "मावशे, एक गिलास बाहेर दे ना."

आतून आवाज, "माहे पाय दुखून राह्यले. तूच ये."

"मंग राहू दे."

"राहू देते मंग," आतून.

अकरा दहा. एसटीतून उतरलेली दोन अनोळखी माणसं आली, सरळ आत गेली, पाणी पिऊन तोंड पुसत बाहेर आली. बबनराव त्यांच्याकडे असे पाहत होते की — मला सांगता येत नाही. जेवणाच्या पंगतीत शेवटी बसलेला माणूस पाहतो तसं.

"काय थंड हाय ना वो पानी," रवीभाऊंनी त्या माणसाला विचारलं.

"बर्फ," तो म्हणे.

अकरा सोळा. देवमनकाका उठले. मला वाटलं झालं! ते आत गेले, ग्लास घेतला, आणि बाहेर येऊन प्यायला लागले. मी जवळजवळ किंचाळली. पण धनीबाई बोलली, दारातून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "देवमन, गिलास बाहेर नेऊ नोको. गिलास गेला का येत नाई वापस. अंदर बसून पे." देवमनकाका, "हो ना." आत गेले आणि खुर्चीवर बसले.

तीन.

शेषरावकाकांनी पेन उचललं. मी दाराकडे पाहिलं. बबनराव अजून बाहेर. अध्यक्षांशिवाय गणपूर्ती होते, नियमात बसतं, मी म्हटलं करा, लिहा. पण शेषरावकाका लिहीनात. पेन हातात धरून बाहेर पाहत राहिले. म्हणाले, "तो नाई आला त मी नाई लिवत."

"काका, साडेअकरा होतील!"

"होवो."

मग धनीबाई एक ग्लास भरून उंबरठ्यावर आली. बबनरावांना म्हणाली, मला सगळं ऐकू आलं, "तुमच्या बापानं शेषरावच्या बापाले सांगतलं होतं, तूच उचल. मी काई तुमाले आनून देनार नाई." आणि ग्लास उंबरठ्याच्या आतल्या बाजूला जमिनीवर ठेवून गेली.

अकरा पंचवीस.

बबनरावांनी चपला काढल्या. का काढल्या माहीत नाही, खोलीत कोणी चपला काढत नाही. आत आले. खाली वाकून ग्लास उचलला. प्याले. संपूर्ण. मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "वाचा ठराव."

रवीभाऊ धावत आत. "मलेही मांडा, मलेही."

ठराव सर्वानुमते मंजूर. वेळ अकरा अठ्ठावीस. मूळ सभा. शेषरावकाकांना "तहकूब" शब्दाशिवाय वाक्य सुरू करता येईना, दोनदा खाडाखोड केली.

कोणीच तुटलं नाही. मी बघत होती सगळ्यांकडे.

२६ मे

ग्रामपंचायतीत ठराव दिला. पोच मिळाली. पोचेचा फोटो स्टेटसला ठेवला. आईने पहिल्यांदा माझ्या स्टेटसला हार्ट दिलं.

पुण्याचा इम्पॅक्ट फॉर्म भरला. आधी झालेल्या मूळ सभा: शून्य. नंतर: एक. शेकडा वाढ किती, असा कॉलम होता. शून्यावर शेकडा निघत नाही. मी "खूप" लिहिलं.

५ जून

नवीन खोलीत पाणपोई सुरू. टाइल्स आहेत, नळ आहे, बाहेर ओटा आहे. बबनरावांनी नारळ फोडला. शेषरावकाकांनी पहिला ग्लास उचलला, मुद्दाम सगळ्यांसमोर, आणि त्यांनीही ओठ पुसले नाहीत. मी फोटो काढला नाही. काढावासा वाटला नाही.

मी भाषणात म्हटलं, आज धनीमावशींची जागा वाचली.

त्या मागे बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर मला जवळ बोलावलं. "माही जागा कोन म्हनलं तुले?" धनजला लेकीकडे चालल्या आहेत. कायमच्या. दोन वर्षांपासून जायचं होतं.

मी म्हटलं, मग एवढं सगळं — रांजण, खेपा — बंद पडू दिलं असतं तर आपोआपच —

"बंद पडल्यावर गेलं त त्याले जानं नाई म्हनत पोरी. चालू असल्यावर सोडाव लागते."

रवीभाऊ म्हणे, "मावशे, मी सोडून देतो धनजपरेंत. पुढच्या सीटवर. एकटीच बस."

१४ जून

सभा. विषय एकच: पाणी कोण पाजणार.

अकराला दहा कमी असताना पोचली. म्हटलं ओट्यावर भेटतील. ओट्यावर कोणी नव्हतं. पाचही जण आत, खुर्च्यांवर, ओळीने.

मी विचारलं, आज बाहेर नाही बसले?

"बाहेर आता काय हाय," बबनराव म्हणाले.

अकरा वाजले. गणपूर्ती झाली. शेषरावकाका पेन धरून बसले, आणि याचं काय झालं, त्याचं काय झालं, हे विचारणारं कोणीच नव्हतं.